हातमोज्यांतली ऊब

१

पावसाळा सरला की मालिनीबाईंच्या घरी एक काम ठरलेलं असे. नवरात्रात घट बसल्यावर चांगलं कडकडीत ऊन बघायचं, माजघरातली फणसाच्या लाकडाची पेटी बाहेर काढायची, घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जुनं धोतर अंथरायचं आणि पेटीतल्या वस्तू त्यावर मांडायच्या. शेजारीपाजारी लोक गोधड्या आणि पोथ्या उन्हात घालत. मांडवीच्या वरच्या अंगाला असलेल्या या घराच्या खळ्यात मात्र क्रिकेटचं सामान पडे, आणि रस्त्याने जाणारा माणूस दगडी गडग्यावरून मान उंच करून बघून जाई.

सामान होतं मालिनीबाईंच्या यजमानांचं, चिंतामणरावांचं. ते मुंबईला शिकायला होते तेव्हा हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी सामन्यांचं त्यांना वेड लागलं. खेळाडू म्हणून ते यथातथाच. पण सामना संपला, तंबू सुटू लागले, की हे तिथे घोटाळत. कुणाचा टोक तुटलेला स्टंप, कुणाची विटलेली टोपी, असं मागून आणत. एकदा हिंदूंच्या संघातल्या एका खेळाडूने अंगठ्याची शिवण उसवलेले हातमोजे त्यांच्या ओंजळीत टाकले होते. जाड चामड्याचे, बोटांवर रबराच्या पट्ट्या शिवलेले. त्या खेळाडूलाही ते एका वडीलधाऱ्या खेळाडूने दिले होते म्हणे. चिंतामणराव सांगत, "वस्तू हातातून हातात जायला हवी. कपाटातून कपाटात गेली की ती मेली."

चिंतामणराव जाऊन तीन वर्षं झाली होती. पण वस्तूंना ऊन दाखवायचं काम मालिनीबाईंनी सोडलं नव्हतं. सन चौतीसच्या त्या नवरात्रात त्यांनी पेटी उघडली तेव्हा नेहमीसारखा कुबट वास आला. टोपीवर पांढरी बुरशी चढली होती. स्टंपावर, चेंडूच्या शिवणीवर, बॅटच्या मुठीच्या दोऱ्यावर, सगळीकडे बुरशी. कोकणातला पाऊस चामड्याला सोडत नाही.

हातमोज्यांवर मात्र बुरशी नव्हती.

"राही, तू पुसलेस का गं हे?" त्यांनी विचारलं.

राही त्यांच्या घरी वरकामाला असे. ती खळं झाडत होती. "नाय वो वैनी. मी कशाला हात लावू? दादांच्या वस्तू त्या."

मालिनीबाईंनी आतली दमट हवा जावी म्हणून उजव्या हातमोज्याचं तोंड फाकवलं आणि दोन बोटं आत घातली. आत ऊब होती. कुणीतरी आत्ताच हात काढून घेतला असावा, तशी.

त्यांनी बोटं बाहेर घेतली. पेटी आत्ताच उघडली होती आणि हातमोज्यांना अजून ऊन लागायचं होतं.

२

मालिनीबाई काही भोळ्या नव्हत्या. हायस्कुलापर्यंत शिकलेल्या होत्या, आंब्याच्या कलमांच्या बागेचा सगळा व्यवहार एकट्या बघत होत्या. चामडं ऊब धरून ठेवतं, फणसाचं लाकूड जाड असतं, माजघराच्या भिंतीपलीकडे चूल आहे, असं त्यांनी मनाशी मांडलं. मग त्याच चुलीमागच्या पेटीत टोपी गार का, हा प्रश्न आला. तो त्यांनी मनातच मागे सारला आणि बॅटला तेल लावायला बसल्या.

तेल लावायला बसलं की त्यांना हसू येई. बॅटला जवसाचं तेल लागतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते मुंबईहून यायला उशीर झाला, तेव्हा चिंतामणरावांनी राजिवड्याच्या खलाशांकडून उंडीचं तेल आणून बॅटला चोपडलं. खलाशी ते होडीला लावतात. सबंध वर्ष ओटीवर होडीचा वास येत होता. "आता हिला पाण्यात सोडली तर मुंबई गाठील," असं सासरे म्हणाले होते.

आणि दसरा आठवे.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते. कोयता, विळी, अडकित्ता, कुदळ सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी त्यांना विसावा देतात. चिंतामणराव त्याच ओळीत बॅट आणि हातमोजे ठेवत. सासरे आधी रागावले, मग हसले, मग तीच घरची रीत झाली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, विळीने नारळ खवायचा, कोयत्याने फांदी तोडायची, आणि बॅटने एक चेंडू खेळायचा. एकच. "ठेवलेलं हत्यार दसऱ्याला उचललं नाही," चिंतामणराव म्हणत, "तर ते आपलं ठेवल्या जागी वाट बघत बसतं."

हेमा जन्मली आणि मोठी झाली, तेव्हापासून चेंडू ती टाकी. आणि दर वर्षी खेळून झाल्यावर चिंतामणराव हातमोजे काढून स्वयंपाकघराच्या दारात येत. "तूही ये की. एक चेंडू. कोण बघतंय?"

मालिनीबाईंचे हात पिठाचे असत. "इश्श! लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी बघू."

"नक्की?"

"नक्की."

ते गेले तेव्हा श्रावण होता. त्या वर्षी दसरा आला, हेमाकडून पूजा करून घेतली आणि हत्यारं जागच्या जागी गेली. चेंडू कुणी टाकलाच नाही. पुढची दोन वर्षंही तसंच झालं. विधवेने हळदकुंकवाला हात लावायचा नाही म्हणून पूजा हेमा करी, आणि बॅट पाटावरून थेट पेटीत जाई.

३

दुपारी जेवणं झाली की घर शांत होई. खालून समुद्राचा आवाज येई, तोही पेंगुळलेला. अष्टमीच्या दुपारी मालिनीबाई माजघरात चटईवर आडव्या झाल्या होत्या. राही आपल्या घरी गेली होती. हेमा शेजारच्या चिमाकडे सागरगोटे खेळायला गेली होती.

टक. टक.

मग थोडं थांबून, टक.

आवाज ओटीवरून आला. कोरड्या लाकडाचा, सारवलेल्या जमिनीवरचा. मालिनीबाई उठल्या नाहीत. डोळे उघडे ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. चेंडू यायच्या आधी चिंतामणराव बॅट जमिनीला अशीच टेकवत. दोनदा, मग जरा थांबून आणखी एकदा. त्या थांबण्यात ते हेमाकडे बघून डोळे मिचकावत.

उंदीर असेल. खिडकीची फळी वाऱ्याने वाजत असेल.

टक. टक.

टक.

त्या उठून ओटीवर गेल्या. बॅट भिंतीशी टेकलेली होती, सकाळी तेल लावून ठेवली होती तशीच. पलीकडे हातमोजे पालथे वाळत घातले होते. वारा अजिबात नव्हता. फक्त हातमोजे आता पालथे नव्हते. उताणे होते, आणि बोटं आत वळलेली होती, मूठ धरल्यासारखी.

उन्हाने चामडं आक्रसतं. हेही त्यांना माहीत होतं. पण ओटीवर ऊन येत नसे.

त्यांनी खाली बसून उजव्या हातमोज्याची बोटं एकेक करून सरळ केली. करंगळी सरळ करताना ती किंचित अडली, आणि मग कुणी आपणहून सैल सोडावी तशी सैल झाली. मालिनीबाईंच्या अंगावर काटा आला. आणि तरी त्यांनी तो हातमोजा लगेच खाली ठेवला नाही. आजारी माणसाचा हात धरून बसतात तसा मांडीवर घेऊन त्या जरा वेळ बसून राहिल्या.

४

खंडेनवमीला सकाळीच महिपत आला. महिपत म्हणजे चिंतामणरावांचा चुलतभाऊ, मुंबईत एका पेढीवर कारकून. पाऊस उतरल्यावर आगबोटी सुरू झाल्या होत्या. त्याने श्रावणातच निरोप धाडला होता की, पेटी न्यायला मी दसऱ्याला येतो. त्याच्या जिमखान्यात जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडणार होते. मालिनीबाईंनी होकार कळवला होता. मुलगा नाही, हेमा उद्या सासरी जाणार. इथे बुरशीने वस्तूंची माती होणार. होकार देताना हे सगळं बरोबर वाटलं होतं.

"वहिनी, काय थाट आहे!" पाटावरची ओळ बघून महिपत हसला. "कोयत्याशेजारी बॅट! चिंतूने तुम्हालाही बिघडवलं म्हणायचं."

"घरची रीत आहे भावोजी."

"असू दे, असू दे. मुंबईला कपाटात यांची रोजच पूजा. पितळेच्या पाटीवर चिंतूचं नाव. आणि काच अशी जाड, की कुणाचा हात म्हणून लागायचा नाही."

हेमा हळदकुंकू वाहत होती. ती बाराची झाली होती, उंच, बापासारखी लांब हातांची. तिचा हात थांबला. "कधीच नाही, काका?"

"अगं, तीच तर मजा! शंभर वर्षं हात लागायचा नाही."

महिपत आंघोळीला विहिरीवर गेला तेव्हा हेमा आईजवळ सरकली.

"आई, काचेच्या कपाटात चेंडू कोण टाकणार?"

"कुणी नाही टाकत तिथे. नुसतं बघतात."

"पण मग ते..." हेमा बॅटवरच्या कुंकवाकडे बघत म्हणाली, "मी टाकला होता गं. गेल्या दसऱ्याला, तू देवळात गेलीस तेव्हा. बॅट स्टंपाला टेकवून ठेवली आणि टाकला."

"मग?"

"सोडून दिला."

"कुणी?"

हेमाने खांदे उडवले. "चेंडू अगदी सरळ होता, आई. बॅटवरच जात होता. आणि बॅट बाजूला झाली. बाबा चेंडू सोडून द्यायचे ना, तशी. मी परत टाकला, परत सोडला. मग मला वाटलं, त्यांना माझा नको असेल. म्हणजे, माझा हवा असेल, पण खेळायचं तुझ्याबरोबर असेल. तू पुढच्या वर्षी म्हणाली होतीस ना."

बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर भीती नव्हती. जेवायला थांबलेल्या पाहुण्याविषयी बोलावं, तसं ती बोलत होती.

मालिनीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बॅट टेकवलेली, घसरून पडली असेल, असं त्या सांगणार होत्या. तोंडाशी आलेलं ते वाक्य त्यांनी गिळलं. त्यांना ते जाड काचेचं कपाट दिसत होतं, आणि त्याच्या आत दोन हातमोजे, बोटं वळलेली, वाट बघत.

५

दसऱ्याला पुरणपोळी झाली. महिपत पोटभर जेवला, "वहिनी, आता मला बंदरापर्यंत पडावातून न्या, चालवायचं नाही," म्हणाला आणि ओटीवर पंचा तोंडावर घेऊन घोरू लागला. आगबोट संध्याकाळची होती. पेटी बांधून दाराशी ठेवली होती.

मालिनीबाईंनी दोरी सोडली. बॅट, चेंडू, हातमोजे आणि एक स्टंप काढला. टोपी आतच राहू दिली. पेटीचं झाकण लावलं.

घरामागचं खळं लहान होतं. एका बाजूला गडगा आणि पलीकडे कलमं, दुसऱ्या बाजूला चिऱ्यांची पायरी. ऊन पश्चिमेकडे कललं होतं. हेमाने न सांगताच स्टंप रोवला आणि चेंडू घेऊन पायरीपाशी जाऊन उभी राहिली. मालिनीबाईंनी पदर कमरेला खोचला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती बॅट खेळायला म्हणून उचलली.

डावा हातमोजा सहज चढला. रिकामा होता, कोरडा.

उजव्यात त्यांनी हात घातला आणि हात मनगटापाशीच अडला. अस्तर गोळा झालं असेल म्हणून त्यांनी बोटं रेटली. अस्तर नव्हतं. आत भरलेलं होतं. ऊबदार, खरखरीत, लेखणी धरून मधल्या बोटाला घट्टा पडलेलं. तो ओळखीचा घट्टा त्यांच्या बोटांना लागला.

पळून जावं असं त्यांना वाटलं. घर मागे चार पावलांवर होतं. पेटी बांधायची, महिपतच्या हवाली करायची, आणि आपण शिकल्यासवरल्या बाईसारखं हे सगळं विसरून जायचं. मग हे हात काचेमागे जातील आणि तिथे कुणी कधी चेंडू टाकणार नाही. आणि खेळलं तर? खेळून झालं की हत्यार मोकळं होतं. ही ऊबही मग जाईल. तीन वर्षांनी सापडलेली ऊब, तीही आपल्याच हाताने घालवायची.

"आई," हेमा हलकेच म्हणाली, "टाकू?"

मालिनीबाईंनी हात तसाच ठेवला. "मला जागा द्या," त्या पुटपुटल्या. असं त्या लग्नानंतर कधी बोलल्या नव्हत्या.

आणि गर्दीच्या ओटीवर कुणी आपल्यासाठी सरकून घ्यावं, तशी आत जागा झाली. बोटं बोटांशेजारी बसली. मूठ बॅटभोवती आवळली गेली. त्यांनी आवळली नव्हती.

टक. टक. बॅट जमिनीला लागली.

मग थोडं थांबून, टक.

हेमाने चेंडू टाकला. तो लाल मातीवर एक टप्पा घेऊन वर आला. मालिनीबाईंची नजर चेंडूवर नव्हती. ती खाली होती, समोर पडलेल्या स्वतःच्या सावलीवर. लाल जमिनीवर त्यांचा पदर दिसत होता, खांदा दिसत होता. आणि खांद्याच्या वर, जिथे त्यांचं पदर घेतलेलं डोकं असायला हवं, तिथे पुढे टोक आलेली टोपी होती. टोपी तर पेटीत होती.

बॅट फिरली. स्वच्छ, गोड आवाज झाला आणि चेंडू गडग्यावरून कलमांत गेला.

हेमा चेंडूकडे बघत नव्हती. ती आईच्या खांद्यामागे बघत होती, आणि हसत होती. मग तिने हात वर करून हलवला, गाडी सुटताना हलवतात तसा.

मालिनीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं, आपण वळलो तर जाणाऱ्याला थांबवू. हातमोज्यातलं भरलेपण हळूहळू ओसरत गेलं, आणि अगदी शेवटी त्यांच्या तळव्यावर एक हलका दाब पडला. मग आत त्यांचा एकटीचाच हात उरला. चामडं गार पडलं.

"वहिनी!" ओटीवरून महिपतचा आवाज आला. "काय वाजलं? नारळ पडला का?"

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. "पडला."

६

महिपतने पेटी नेली नाही, स्टंप आणि टोपी तेवढी नेली. बॅट आणि हातमोजे मिळणार नाहीत हे ऐकून तो जरा फुरंगटला. "पोरीला काय करायचेत, वहिनी? ती काय सामने खेळणार आहे?"

"हातातून हातात जायच्या वस्तू आहेत त्या," मालिनीबाई म्हणाल्या. "तुमच्या पाटीवर दुसरं काहीतरी लिहा."

चेंडू पौषात गवत कापताना राहीला सापडला. शिवण एका बाजूने उसवली होती.

त्या दसऱ्यापासून घरात काही वाजलं नाही. मालिनीबाई दुपारच्या आडव्या होत तेव्हा कधी कधी कान देऊन ऐकत. फक्त समुद्र ऐकू येई. त्यांना रडू येई, पण ते मन हलकं करणारं रडू असे.

एवढंच झालं होतं की त्यांचा उजवा हात गार राहू लागला. पोळ्या लाटतानाही गार, वैशाखातही गार. हेमा म्हणे, "आई, तुझा हात विहिरीच्या पाण्यासारखा लागतो." वैद्यांनी सुंठीचा लेप दिला. चुलीपाशी धरला की जरा वेळ बरं वाटे, मग पुन्हा तेच. वय होतंय, असं त्या म्हणत. त्यांचं वय चाळीसही नव्हतं.

७

पुढच्या दसऱ्याला आभाळ स्वच्छ होतं. खंडेनवमीला हेमाने कोयत्याशेजारी बॅट आणि हातमोजे मांडले, कुंकू वाहिलं. वर्षभर पेटीत होते, कुणी हात लावला नव्हता. या खेपेला बॅट हेमाने घ्यायची आणि चेंडू आईने टाकायचा, असं दोघींचं ठरलं होतं. राही पायरीवर बसली होती. "वैनी, नेम धरून टाका हां. माझ्या डोक्यात नको," ती म्हणाली, आणि तिघीही हसल्या.

मालिनीबाई पायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चेंडू त्यांच्या उजव्या हातात होता, आणि तो हात नेहमीसारखा गार होता. समोर खळ्याच्या दुसऱ्या टोकाला हेमा स्टंपाऐवजी रोवलेल्या काठीपुढे उभी होती. त्या मुलीकडे बघून त्यांना वाटलं, यांनी हे बघायला हवं होतं.

हेमाने डावा हातमोजा चढवला. मग उजवा उचलला, त्यात हात घातला, आणि थांबली.

"काय झालं गं?" मालिनीबाईंनी विचारलं. "बाबा आहेत?"

हेमाने मान हलवली. नाही. तिने हात आणखी जरा आत सरकवला, आणि तिच्या तोंडावर हळूहळू ओळख उमटत गेली. लहानपणी ताप आला की कपाळावर हात पडायचा, तो डोळे मिटूनच ओळखावा, तशी. तिने एकवार खळ्यापलीकडे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मग मान खाली घालून, हातमोज्याशी तोंड नेऊन, अगदी हळू, लाडात आल्यासारखं ती म्हणाली,

"जरा सरक ना, आई."